मॉरिसन पार्कातली पहिली चक्कर

लेथब्रिज,
४ डिसेंबर १९८३

चि. ओस्ताप, आशीर्वाद.

कॅम्पच्या रेडिओफोनवर तू "हं... हं... बरं" करतोस, आणि मागे कुणीतरी रांगेत उभं आहे म्हणून ठेवून देतोस. म्हणून ठरवलं, पत्रच लिहायचं. पत्राला कुणी मागून ढोसत नाही. तुमच्या खाणीवर आठवड्यातनं दोनदा विमान येतं ना? मग आत्याला दोन ओळी खरडायला हात मोडणार नाहीत तुझे.

तर बातमी अशी, की थंडी आली एकदाची. पार्कातले झोके काढून ठेवले, घसरगुंडीवर आडवी फळी मारली, आणि तुझ्या बापाने बेसबॉलच्या मैदानात स्केटिंगच्या रिंकचं कुंपण उभं केलं. परवा सकाळी पहिलं पाणी मारलं. पातळ मारलं, नेहमीसारखं. एकदम जास्त पाणी सोडलं की वर पापुद्रा धरतो, खाली पोकळ राहतं आणि पोरं घोट्यापर्यंत आत जातात. पहिल्यांदा नळी हातात घेणारा प्रत्येक जण ही चूक करतो. आपण एकदाही केली नाही, हे तुझा बाप मला वर्षानुवर्षं ऐकवतोय.

पण लिहायला बसले ती गोष्ट निराळी. नळी गुंडाळता गुंडाळता मला म्हणतो, "पारास्का, या वर्षी पहिली चक्कर ओस्तापची."

मी म्हटलं, "अरे, तो घोडा तिशीला आलाय. तिकडे उत्तरेत खाणीत बसलाय."

"असू दे. बर्फ ज्याने घातला, पहिली चक्कर त्याच्या पोराची. पार्काचा नियम आहे. मी नाही केला."

"आणि मागली तीन वर्षं कुठे शेण खायला गेला होता तुझा नियम? बेनेडेट्टींच्या पोरीने मारली, त्या डच पोराने मारली..."

"ती वर्षं गेली," म्हणाला. "या वर्षी तो येईपर्यंत फाटकाची दोरी सुटणार नाही."

तो कसा आहे ते तुला सांगायला नको. म्हणून म्हणते, आपल्या युक्रेनी नाताळला ये. सहा जानेवारीला, आदल्या संध्याकाळच्या जेवणाला. काम केवढंसं? फाटकापासून निघायचं, एकट्याने अख्खी फेरी घालून फाटकाशी परत यायचं. बाप ओरडणार, "घ्या, आता तुमचं!" की पोरं आत घुसणार. पाच वर्षांचा असताना नाक पुसत केलंस की. पुढच्या वर्षी मध्येच आपटलास आणि रडत आईकडे धावलास, तर बापाने बखोटीला धरून पुन्हा फाटकाशी नेऊन उभं केलं. "अर्ध्या चक्करीने बर्फ उघडत नाही, ओस्ताप." आठवतं का?

होलुब्त्सी करून ठेवते, कोबीच्या पानात भात भरून. कोबी आणून झालाय.

तुझी आत्या,
पारास्का


खाणीचा कॅम्प, यलोनाइफच्या वर,
१७ डिसेंबर

आत्या,

पत्र पोचलं. मी बरा आहे. थंडी तुमच्या दुप्पट.

तुझ्या भावाला सांग, रिंक उघड. पोरांनी त्याचं काय घोडं मारलंय?

मी येणार नाही. कारण तुला माहीत आहे, तरी नाव काढतेस, म्हणून एकदाच लिहितो. आई जात होती त्या हिवाळ्यात तुझा भाऊ रोज संध्याकाळी नळी घेऊन पार्कात. मी सुट्टी काढून धावत आलो, तर आईजवळ तू आणि नर्स, आणि हा समोर पार्कात दिव्याखाली पाणी मारतोय. आईचं ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी तसाच बाहेर गेलो. म्हटलं, आत चला. तर म्हणाला, "हा थर घालून येतो."

हा थर! माझी आई मरतेय आणि हा थर!

मी म्हटलं, तुमचं लग्न बर्फाशीच लागलंय. त्यावर हा नळी ओढत पुढे गेला. आईला पुरलं त्या दिवशीही पार्कात बर्फ आरशासारखा होता. त्या बर्फावर मी पाय ठेवणार नाही.

होलुब्त्सी तूच खा. किंवा मिसेस बेनेडेट्टीला दे.

ओस्ताप


लेथब्रिज,
२९ डिसेंबर

चि. ओस्ताप,

"तुझा भाऊ" म्हणे! माझा भाऊ आहेच तो. तुझा कोण लागतो, ते लिहायला शाई संपली का?

बर्फ तयार आहे. असा झालाय की माझ्या जन्मात पाहिला नाही. सकाळी ऊन आलं की आपल्या देवळाचा घुमट त्यात दिसतो. आणि वर एक ओरखडा नाही. फाटकाला दोरी, दोरीला गाठीवर गाठ, आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून तुझा बाप. पोरं कुंपणाला नाकं चिकटवून उभी असतात. काल मिसेस बेनेडेट्टी आली, कमरेवर हात ठेवून.

"प्रोकोप, सुट्टी संपत आली. माझी तिघंही घरात एकमेकांची डोकी फोडतायत. पार्क काय तुझ्या बापाचं आहे?"

"पार्क नाही. बर्फ माझा आहे."

"पाणी शहराचं, थंडी देवाची. तुझं काय आहे रे त्यात?"

"हात," म्हणाला.

तिने माझ्याकडे वळून कपाळावर हात मारला. "पारास्का, तुझ्या भावाला डॉक्टरला दाखव."

मी म्हटलं, "दाखवलंय." म्हणजे ती ऑक्टोबरात सर्दी झाली होती ना, तेव्हाचं म्हटलं मी.

लोक आता त्याच्याशी बोलत नाहीत. दुकानात गेला तर पाठ फिरवतात. त्यांचं चुकतंय असंही नाही. पोरं बिचारी बस पकडून लांबच्या पार्कात जातात, आणि जाताना याच्याकडे अशी बघतात की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी हा हटत नाही. बर्फावर बारीक थर मारायचं चालूच आहे. नळी ओढायला हल्ली मी जाते. म्हातारपणी व्यायाम झालेला बरा.

शपथेवर सांगते, हा हट्ट तुला वाटतो तसला नाही. ये रे. भांडायला ये, पण ये.

आत्या


खाणीचा कॅम्प,
९ जानेवारी १९८४

आत्या,

पोरांना ओलीस धरून मला बोलावतोय तो. खुर्ची टाकून बसलाय म्हणे! असल्या धाकाने मी यायचा नाही. त्याला जाऊन हेच शब्द सांग.

तुझ्यावर मात्र राग नाही. सहा तारखेला इथला स्वयंपाकी आपल्यातलाच निघाला. त्याने गव्हाची खीर केली, मध आणि खसखस घालून. थोडी करपली होती. पहिला घास घेतला आणि उठून बाहेर गेलो. आई हात पुसत पुसत विचारायची ना, "गोड झालीय का रे?" तेच ऐकू आलं.

एक विचारतो. शेवटी शेवटी आई सारखी खिडकीकडे तोंड करून का पडायची? पडद्यातून त्या दिव्यांचा उजेड तोंडावर यायचा, म्हणून मी पलंग भिंतीकडे वळवायला गेलो, तर केवढी चिडली माझ्यावर. तेव्हा समजलं नाही. अजूनही समजत नाही.

ओस्ताप


लेथब्रिज,
१५ जानेवारी

चि. ओस्ताप,

तू विचारलंस म्हणून लिहिते. न विचारता सांगायचं नाही, असं मी तुझ्या आईला कबूल केलं होतं.

नर्स संध्याकाळी यायची, पट्ट्या बदलायला. ते फार वाईट असायचं. ओलेना मला म्हणाली, "पारास्का, प्रोकोपसमोर मी ओरडणार नाही. आणि न ओरडता मला राहवत नाही. त्याला बाहेर काढ." मी कशी काढणार त्याला? तो तर उशाशी ठाण मांडून बसलेला. मग तिनेच त्याला सांगितलं, "मला खिडकीतून बर्फ बघायचाय. दिवे लाव, आणि मला बर्फ घाल. मी हात वर करेपर्यंत आत यायचं नाही."

म्हणून तो जायचा रे. दर फेरीला शेडच्या कोपऱ्याशी आला की खिडकीकडे बघून हात वर करायचा. पट्ट्या बदलून झाल्या, नर्स गेली, चेहरा पुसून झाला, की ओलेना हात वर करायची. की हा नळी टाकून धावत घरात. तू बाहेर जाऊन ओरडलास, तेव्हा तिचा हात वर झाला नव्हता. बाकी काही नव्हतं त्यात.

शेवटच्या आठवड्यात तर तिचा हात उचलतच नव्हता. मी मनगट धरून वर करायची. बाहेर त्याला ते दिसत होतं का, मी विचारलं नाही. तो आपला हात हलवायचा.

तुला का सांगितलं नाही? तीच म्हणाली होती, "मी ओरडायची हे पोराच्या लक्षात राहायला नको." आणि तू तर ते ऐकून वर बापालाच बोललास. त्याने ऐकून घेतलं. तिचा शब्द होता ना.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, गेलेल्या माणसाचं पान मांडतात तसं त्याने ओलेनाचं मांडलं, आणि शेजारी आणखी एक. मी म्हटलं, "जित्या माणसाचं पान तिथे मांडू नये, प्रोकोप." तर ते उचलून त्याने स्वतःजवळ घेतलं. जेवलो आम्ही.

आता यायचं की नाही ते तुझं तू बघ.

आत्या


लेथब्रिज,
१६ जानेवारी
(टाकलं नाही)

चि. ओस्ताप,

कालचं पत्र टाकून आले आणि चैन पडेना. अर्धंच सांगितलं मी तुला.

तुझ्या बापाचं हृदय गेलंय. ऑक्टोबरात डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, पुढचा हिवाळा बघाल असं धरून चालू नका, आणि नळीला तर हातही लावू नका. घरी आल्यावर त्याने मला ओलेनाच्या फोटोवर हात ठेवायला लावला. "पोराला कळवायचं नाही. दया येऊन आलेला मुलगा मला नको, पारास्का. रागाने नाही आला तरी चालेल. यायचा तर चक्कर मारायला येऊ दे."

हा त्याचा शेवटचा बर्फ आहे, बाळा. तू ये. उद्या ये. विमान नसेल तर

नाही. फोटोवर हात ठेवला होता मी.


खाणीचा कॅम्प,
२१ जानेवारी

आत्या,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

सत्तावीसच्या विमानाने येतो. तीन दिवसांची रजा मिळाली. रेडिओवरून निरोपही पाठवलाय, पण तू स्वतः जाऊन बाबांना सांग. सांग की ओस्ताप चक्कर मारायला येतोय.

ओस्ताप


खाणीचा कॅम्प,
५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

सुखरूप पोचलो. निघताना तू मिठी मारलीस ती सोडेचनास, ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. मी काही लढाईवर चाललो नव्हतो.

काय नशीब बघ माझं! तीन वर्षं आलो नाही, आणि आलो ते नेमका तो गरम चिनूक वारा सुटल्यावर. रस्त्याने पाणी वाहतंय, लोक नुसत्या सदऱ्यावर फिरतायत. पार्कात शिरलो तर कुंपणाच्या आत तळं. त्यात दोन बदकं तेवढी यायची राहिली होती. बाबा खुर्चीतून उठले. "आलास." म्हटलं, "आलो." संपलं भांडण. तू उगाच रुमाल काढून तयारीत होतीस.

मग मला शेडच्या सावलीतल्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे गोधड्यांचा ढीग. एकेक उचलली, तर खाली खाटेएवढा बर्फ. कोरडा, चकचकीत. माझे जुने स्केट बाकावर काढून ठेवलेले, पाती घासून. "घाल," म्हणाले. पोरं जमली, मिसेस बेनेडेट्टी जमली. मला हसू येत होतं.

मी म्हटलं, "बाबा, यावर कसली चक्कर? इकडून निघालो की तिकडे पाण्यात! तुम्हीच शिकवलंत ना, अर्ध्या चक्करीने बर्फ उघडत नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच येतो. नळी मी ओढतो, तुम्ही खुर्चीत बसून शिव्या घाला. आणि अख्खी चक्कर मारतो, तुमच्या नाकासमोर."

त्यांनी गोधडीचं टोक हातात घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. अर्धी नाहीच चालत. पुढच्या वर्षी." आणि गोधडी परत पांघरली, कोपरे नीट दाबून.

तेव्हा तू तोंड फिरवलंस. नंतर विचारलं तर म्हणालीस, डोळ्यात वारा गेला. रागावली होतीस का? मी चक्कर टाळली असं वाटलं का तुला? तसं नाही गं. इतक्या वर्षांनी मारायची तर नियमाने मारावी, एवढंच मनात होतं. त्यांनाही ते पटलं. किती दिवसांनी मला "बरोबर आहे" म्हणाले ते!

नवीन स्केट घेण्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागलोय. मी खूप आनंदात आहे, आत्या. बाबांना सांग.

तुझा,
ओस्ताप


लेथब्रिज,
१९ फेब्रुवारी

चि. ओस्ताप, अनेक आशीर्वाद.

रागावले नव्हते रे. तुझ्यावर कशाला रागावू?

त्या गोधड्यांची गोष्ट तुला कुणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते. तू यायच्या दोन दिवस आधी पश्चिमेला डोंगरावर ढगांची कमान दिसली. ती दिसली की चिनूक सुटतो, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझा बाप फावडं घेऊन निघाला. बर्फावर हिम टाकायला लागला, ऊन लागू नये म्हणून. मी ओरडतेय, "अरे बस, बस खाली," तर ऐकायला तयार नाही. "पोरगा येतोय," एवढंच.

मग रस्ता ओलांडून कोण यावं? मिसेस बेनेडेट्टी! खांद्यावर तीन गोधड्या, लग्नातल्या. तिने त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं. "बस तिकडे, म्हाताऱ्या. माझा बर्फ मी वाचवते." आणि मग आळीच लोटली. ज्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं ते सगळे. ताडपत्र्या, रजया, जुने कोट. पोरं स्लेजवरून गटाराकडेचं हिम ओढून आणत होती. आणि ओस्ताप, एकाही पोराने त्या बर्फावर पाय टाकला नाही. सगळी कुंपणावरून वाकून टाकत होती. "ओस्तापची चक्कर व्हायचीय," म्हणत होती. तुला बघितलंही नाही त्यांनी कधी.

वाऱ्यापुढे काय टिकणार? दुसऱ्या दिवशी कोपरा तेवढा राहिला. तुझा बाप म्हणाला, "पुरे आहे. दोन पावलं टाकेल."

थंडी परत आली, पण त्याने नळी पुन्हा उलगडली नाही. म्हणतो, एका हिवाळ्यात एकच बर्फ. मग मिस्टर बेनेडेट्टीने स्वतः पाणी सोडलं, ते बदाबदा. धरला पापुद्रा! त्याचाच पोरगा पहिला आत गेला, गुडघ्यापर्यंत. तुझा बाप खुर्चीत इतका हसला की मला पाणी पाजावं लागलं.

पुढच्या वर्षी म्हणालास ते योग्यच. नियम तो नियम. पण मध्ये वेळ काढ ना. उन्हाळ्यात ये. पार्कातले बाक रंगवायचेत, नाल फेकायच्या खेळाच्या खड्ड्यात वाळू भरायचीय. एप्रिलमध्ये जमलं तर एप्रिलमध्ये ये. काहीतरी निमित्त काढ आणि लवकर ये, बाळा. म्हातारी म्हणून हट्ट धरते असं समज.

आत्या


लेथब्रिज,
३० मे

ओस्ताप, माझ्या बाळा,

रेडिओवरचा तुझा निरोप मिळाला. तळ्यावरचा बर्फ कुजलाय, स्कीचं विमान उतरत नाही, पाणी मोकळं नाही म्हणून पाण्यावर उतरणारंही येत नाही. तू चार दिवस काठावर जाऊन उभा होतास हेही त्या रेडिओवाल्याने सांगितलं. तुझा काही दोष नाही. फादरनी वाट बघायची तेवढी बघितली. काल नेला त्याला. ओलेनाशेजारी.

त्रास झाला नाही. सकाळी एक बाक रंगवला, हिरवा. मग पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. पोरांच्या उथळ हौदात त्या दिवशी उन्हाळ्याचं पहिलं पाणी सोडत होते, ते बघत बसला होता. मी डबा घेऊन गेले तेव्हा हौद भरला होता. मी हाक मारली. पुन्हा मारली.

सोबत एक जुनं पत्र आहे, जानेवारीतलं. टाकायला हवं होतं की नको, ते मी दिवसरात्र स्वतःला विचारते. तू वाच, आणि मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

पण हेही ऐक. तू परत गेलास त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, "सांगितलं असतंस तर टाकली असती त्याने दोन पावलं!" तर म्हणाला, "टाकली असती. माझ्याकडे बघून रडत टाकली असती. त्यापेक्षा तो 'पुढच्या वर्षी' म्हणाला ना, ते किती मनापासून म्हणाला, पारास्का! मी पोराला हवा आहे पुढच्या वर्षी." असं म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ त्या कोपऱ्यातच बसून राहिला.

तुझे स्केट शेडमध्ये खिळ्याला आहेत.

आत्या


लेथब्रिज,
११ डिसेंबर १९८४

ती. आत्यास सा. न.

एडमंटनला लेकीकडे राहायला गेल्यापासून तुझे गुडघे काय म्हणतात? नात पियानो बडवते म्हणून तक्रार लिहिलीस, तेव्हा समजलं की तू बरी आहेस.

मी नोव्हेंबरातच आलो. म्हटलं होतं तसा. खाण सोडली. तुझ्यावर रागवायचा उन्हाळाभर प्रयत्न केला, पण जमलं नाही. फोटोवर हात तुला बाबांनी ठेवायला लावला, आणि "पुढच्या वर्षी" मी म्हणालो. कुणाकुणावर रागवायचं?

बाबांची खुर्ची शेडच्या दारातच होती. ती हलवली नाही. नळी घेतली, पातळ थर मारायला लागलो. पहिले दोन थर वाया गेले. पापुद्रा धरला, आत्या. मिसेस बेनेडेट्टी कुंपणावरून म्हणाली, "बाप असता तर फावडं घातलं असतं टाळक्यात." मग डोळे पुसत घरात गेली आणि माझ्यासाठी सूप घेऊन आली. शेडच्या कोपऱ्याशी आलो की खिडकीकडे बघून हात वर करायची सवय लागलीय मला. घर रिकामं आहे हे माहीत असून करतो.

काल बर्फ तयार झाला. देवळाचा घुमट दिसण्याइतका नाही, पण बरा आहे. पोरं शाळेतून सुटून तडक आली, कुंपणाला नाकं लावून उभी राहिली. बेनेडेट्टींची थोरली म्हणाली, "बर्फ तू घातलास. मग पहिली चक्कर तुझ्या पोराची. तुला तर पोरच नाही."

मी म्हटलं, "बर्फ माझा नाही. प्रोकोपचा आहे. मी नुसती नळी धरली."

तिने जरा विचार केला. "मग तुझीच," म्हणाली.

खिळ्यावरचे जुने स्केट घातले. बोटं चेमटली. फाटकाची दोरी सोडली आणि निघालो. मी अख्खी मारली, आत्या. त्या सावलीतल्या कोपऱ्यात जरा हळू झालो, पण थांबलो नाही, पडलो नाही. नियमाने मारली. आणि इतकं बरं वाटत होतं, की वळण घेऊन फाटकाकडे येताना मी मान वर करून बघितलं, लहानपणी बघायचो तसं, आता ओरडतील म्हणून.

फाटकात कुणी नव्हतं.

पोरं आत शिरेनात. शब्द ऐकल्याशिवाय शिरायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे. ती माझ्याकडे बघत होती आणि मी त्या खुर्चीकडे बघत होतो. "घ्या, आता तुमचं." तीन शब्द आहेत गं. मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणता येईनात. शेवटी ती थोरली पोरगी हळूच आत आली, माझ्या कोटाची बाही धरली, आणि आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.

तुझा,
ओस्ताप